शिमग्यानंतरचा बर्फ

स्कीइंग शिकायचं तर जानेवारी-फेब्रुवारीत जा, असं जो तो सांगतो. आम्ही गेलो मार्चच्या उत्तरार्धात. त्याचा संबंध स्कीइंगशी नव्हे, शिमग्याशी होता. खलाशी पालखी नाचवायला गावी गेले की रत्नागिरीच्या मिरकरवाड्याच्या बंदरात नौका ओळीने उभ्या राहतात, आणि नौका उभ्या म्हणजे बर्फाला गिऱ्हाईक नाही. आमचा बर्फाचा कारखाना आहे, सासऱ्यांनी घातलेला. मिठाच्या गार पाण्याच्या टाकीत पत्र्याचे डबे बुडवून लाद्या पाडायच्या, त्या क्रशरमधून काढायच्या आणि चुरा नौकांवर चढवायचा. हिशेब आणि उधारी माझ्याकडे. (उधारीवर वेगळं लिहावं लागेल, ते इथे नको.) मला मोकळीक मिळते ती शिमग्यानंतर थोडी आणि जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा. जून-जुलैत गुलमर्गला गवत असतं. म्हणून मार्च.

कल्पना भाचीची. ती पुण्यात नोकरी करते आणि दर वर्षी कुठेतरी डोंगरात जाऊन येते. "मावशी, गुडघे धड आहेत तोवर चल," एवढंच तिने फोनवर सांगितलं. बंदरावर बातमी फुटल्यावर जी मस्करी झाली ती सगळी छापण्याजोगी नाही. आमच्या कारखान्याचे जुने ऑपरेटर काका मात्र गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "वहिनी, येताना दोन-चार लाद्या तिकडूनच आणा. आपलं लाइटबिल तरी वाचेल."

तयारी म्हणजे काय, तर संध्याकाळी भाट्याच्या पुळणीवर कोरड्या वाळूतून चालायचं आणि घरी भिंतीला पाठ टेकून, खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखं बसून राहायचं. पहिल्याचा किती उपयोग झाला कोण जाणे. दुसऱ्याचा झाला. स्कीइंगमध्ये मांडीचा पुढचा स्नायू सगळा भार घेतो, आणि वसंतातल्या जड बर्फात तर तो दुपारपर्यंत थरथरायला लागतो.

श्रीनगरहून टंगमर्गमार्गे वर जाताना पहिला फायदा आणि पहिली निराशा एकदमच भेटली. भर हिवाळ्यात टंगमर्गच्या पुढे चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्या घ्याव्या लागतात. आम्हाला काळा, ओला, पण मोकळा डांबरी रस्ता मिळाला. मात्र रस्त्याकडेचे बर्फाचे ढीग मातकट झाले होते. गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर आहे. तिथल्या मैदानात हॉटेलांच्या आसपास तपकिरी गवत वर आलं होतं आणि भाचीचा चेहरा पडला होता. अर्थात बर्फाचं वेळापत्रक हल्ली कुणाच्याच हातात राहिलेलं नाही. २०२५ मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धेचा गुलमर्गचा टप्पा फेब्रुवारीत व्हायचा होता, तो पुरेसा बर्फ नाही म्हणून पुढे ढकलून मार्चमध्ये घ्यावा लागला. तेव्हा भर मोसमात जाऊन हमखास बर्फ मिळेल असं समजणाऱ्यांनी ते मनातून काढून टाकावं. आम्हाला शिकाऊ उतारावर भरपूर बर्फ मिळाला आणि गोंडोलाने, म्हणजे तिथल्या केबल कारने, वर गेल्यावर तर विचारूच नका.

सामान भाड्याने घेतलं. स्कीचा बूट हा प्लॅस्टिकचा टणक साचा असतो. त्यात घोटा पुढे थोडा झुकतो, बाकी पाऊल जागचं हलत नाही. तो घालून दुकानातून रस्त्यापर्यंत जाणं हाच पहिला धडा. बूट स्कीवर पकडून ठेवणाऱ्या खटक्याला बाइंडिंग म्हणतात. पडताना ठरावीक जोर आला की तो सुटला पाहिजे, म्हणून आपलं वजन, उंची आणि आपण किती शिकलोय ते पाहून त्याचा आकडा लावतात. दुकानदार घाईत होता. भाचीने त्याला थांबवून माझं वजन पुन्हा सांगितलं आणि आकडा समोर लावून घेतला. हे वसंतात जास्त महत्त्वाचं. कारण ओल्या बर्फात माणूस वेगाने पडत नाही, हळूहळू पिळवटत पडतो, आणि अशा संथ पिळात बाइंडिंग वेळेवर सुटेलच याची खात्री नसते. गुडघे तिथेच जातात.

आमचे शिक्षक तिथलेच, टंगमर्गच्या बाजूचे. आम्ही उत्साहाने सकाळी आठलाच उतारापाशी जाऊन उभ्या, तर ते चहाच्या टपरीवर निवांत बसलेले. "अभी नहीं मॅडम, अभी काँच है." पायाने दाबून पाहिलं तर खरंच, आमच्या टाकीतून नुकतीच काढलेली लादी जशी असते तसा कडकडीत. आदल्या दिवशी वितळलेलं पाणी रात्री गोठून सगळे दाणे एकमेकांना चिकटलेले, आणि आदल्या दिवसाच्या पायांच्या खुणाही तशाच दगड झालेल्या. काही जण त्यावर उतरत होते. त्यांच्या स्कीच्या पोलादी कडांचा करकर आवाज लांबून ऐकू येत होता. नवशिक्याने त्यावर पडलं तर कंबर धरूनच परत यायचं.

साडेनऊ-दहानंतर ऊन उतारावर नीट पोचलं आणि वरचे बोट-दीड बोट पापुद्रे सुटे झाले. खाली टणक, वर जाड साखरेएवढे ओलसर दाणे. ज्या बर्फासाठी जाणते लोक मुद्दाम वसंतात येतात तो हाच. त्यात कड सहज रुतते, स्की वळते, पण पाय बुडत नाही. चालायला शिकणं, आडवं उभं राहून पायरी-पायरीने उतार चढणं, पडल्यावर स्की उताराला आडव्या करून उठणं, हे सगळं त्या पहिल्या सकाळीच झालं. मग स्नोप्लाउ: स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, गुडघे आत, आणि आतल्या कडांवर भार देऊन वेग धरून ठेवायचा. भाचीला ते लगेच जमलं. मला जमायला वेळ लागला, पण एकदा त्या दाणेदार बर्फात ब्रेक लागतो हे पायाला कळल्यावर भीती निम्मी झाली. कोरड्या भुसभुशीत बर्फात किंवा उणे बारा-चौदा अंशांच्या खाली गेलेल्या थंडीत शिकणाऱ्यांचे हाल भाचीने पाहिले होते. बोटं बधिर, नाक लाल, आणि शिक्षक काय सांगतोय याकडे कुणाचं लक्ष नाही. आम्ही पातळ स्वेटरवर होतो. पडलं की तिथेच बसून हसता येत होतं. उठायची घाई नव्हती.

दुपारी एकच्या सुमाराला सगळं बदललं. दाण्यांचा चिखल झाला. उतारावरून छान घसरत यायचं आणि सपाटीवर आलं की कुणीतरी मागून ओढल्यासारखं थांबायचं. शरीर पुढे, पाय मागे. स्की घसरते ती तिच्या तळाशी असलेल्या पाण्याच्या अतिशय पातळ थरावर. फार थंडीत तो थर अपुरा पडतो आणि बर्फ खरखरतो. पाणी जास्त झालं की उलट होतं, तळ ओल्या बर्फाला चिकटून बसतो. यावर उपाय मेणाचा. उबदार ओल्या बर्फासाठी पिवळं मेण, कडाक्याच्या थंडीसाठी निळं किंवा हिरवं. भाड्याच्या स्कीवर कुठलं मेण आहे, मुळात आहे की नाही, हे कुणी विचारत नाही. आमच्या शिक्षकांनी खिशातून पिवळी वडी काढून तळावर घासली तेव्हा फरक लगेच जाणवला, पण ते मेण तासाभरात उतरायचं. माझ्यापुरतं मी ठरवून टाकलं होतं: एक वाजला की स्की काढायच्या. भाची दोनपर्यंत रेटायची आणि मग रात्री मांड्यांना बाम चोळत बसायची.

आता मला जे मुख्य सांगायचं आहे ते. घरी सगळ्यांचा समज असा, की ऊन आलं म्हणजे बर्फ गेला. माझाही तसाच असता, पण काकांचा एक नियम मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे: बर्फाला उन्हापेक्षा वाऱ्याला जपा. गोणपाटाखाली झाकलेली लादी रत्नागिरीच्या उन्हातही बराच वेळ टिकते. सावलीत पण खाऱ्या दमट वाऱ्यावर उघडी टाकलेली भराभर पाझरते. हवेतली वाफ गार लादीवर पाणी होऊन बसते आणि बसताना आपली उष्णता तिला देते. अशी एक किलो वाफ बसली तर साडेसात किलोच्या आसपास बर्फ वितळतो. एरवी बर्फ वितळवणं सोपं नाही. एक किलो बर्फाचं शून्य अंशाचं पाणी करायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी पुढे ८० अंशांपर्यंत तापतं. दुपारी आठ-दहा अंश असूनही गुलमर्गचा उतार एका दिवसात नाहीसा का होत नाही, त्याचं उत्तर यातच आहे.

निरभ्र दिवसांत तिथली हवा कोरडी असते. लख्ख उन्हातला बराच भाग स्वच्छ बर्फ परत फेकतो, आणि कोरडी हवा बर्फातलं थोडं पाणी उडवून नेताना त्याच्याकडूनच उष्णता घेऊन जाते. रात्री आकाश मोकळं असलं की बर्फाची उष्णता सरळ वर निघून जाते, इतकी, की हवा शून्याच्या किंचित वर असतानाही वरचा थर गोठतो. म्हणजे रात्र निरभ्र तर सकाळ चांगली. ढग आले की ती उष्णता अडते. बर्फावर गोधडी टाकल्यासारखंच. आमच्या मुक्कामात एक रात्र अशी ढगाळ गेली. भाची खूश होती, "उद्या ऊन नाही, बर्फ टिकेल." सकाळी शिक्षकांनी काठी बर्फात खुपसून दाखवली, ती मुठीपर्यंत आत गेली. रात्रभर काहीच गोठलं नव्हतं. आठ वाजताच दुपार होती. नंतर पाऊस आला. बर्फावर पडणारा पाऊस हा प्रकार मी पहिल्यांदा पाहिला आणि पुन्हा पाहायची इच्छा नाही; उतारावर करड्या रंगाच्या ओघळ्या पडल्या, हातमोजे पिळून काढावे लागले आणि उतारावरून माणसांना ओढत वर नेणाऱ्या ड्रॅग लिफ्टच्या वाटेत डबकी साचली. मार्चमध्ये पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांचा फेरा आला की उंचीवर हिमवर्षाव आणि खाली गुलमर्गच्या मैदानात पाऊस, असं होतं. वसंतात जाणाऱ्याने एखाद-दुसरा दिवस यात जाणार हे धरूनच तिकिटं काढावीत.

ऊन बर्फाचं शत्रू नसलं तरी माणसाचं आहे. आम्ही समुद्राकाठची माणसं, उन्हाला काय घाबरायचं, असा माझा तोरा होता. पण कोरडी वाळू सूर्याची अतिनील किरणं सुमारे १५ टक्के परत फेकते, समुद्राचा फेस २५ टक्के, आणि ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत. त्यात उंचीचा भाग वेगळा. दर हजार मीटरला ही किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. त्यामुळे पोळतात त्या जागा विचित्र असतात: हनुवटीची खालची बाजू, नाकपुड्यांच्या आत, कानाच्या पाळ्या. मलम तिथेही लावायचं आणि घाम आला की परत लावायचं. काळा चष्मा कडेने झाकणारा हवा. डोळे उघडे राहिले तर संध्याकाळी वाळू गेल्यासारखे खुपतात आणि रात्रभर झोप नाही. आमच्या शेजारच्या खोलीतल्या एका तरुणाचं तेच झालं होतं. आणि पाणी. घाम कळत नाही, तहान कळते तेव्हा उशीर झालेला असतो. मी घरून कोकमाच्या आगळाची बाटली नेली होती, तिचं सरबत करून थर्मासमध्ये भरायचे. शिक्षकांना ते इतकं आवडलं, की उरलेलं आगळ त्यांनाच देऊन आले. (मासे मात्र चांगले मिळाले नाहीत. असो.)

एक दिवस स्की खाली ठेवून गोंडोलाने वर गेलो. पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, साधारण ३,०८० मीटर. दुसरा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, ३,९०० मीटरच्याही वर. तिथला बर्फ जानेवारीसारखाच पांढरा, आणि तिथे उतरणारी माणसं वेगळ्या जातकुळीची. आमच्यासारख्यांनी नुसतं पाहायचं. अकराच्या सुमाराला समोरच्या उन्हातल्या उतारावरून बर्फाचे छोटे गोळे आपोआप घरंगळायला लागले, प्रत्येकामागे एक चर. मला मजा वाटली, पण बाजूला उभ्या असलेल्या गाइडने त्याच्या माणसांना लगेच दुसऱ्या बाजूने उतरवायला सुरुवात केली. वरचा थर पाण्याने जड झाला, त्याची पकड सुटू लागली, आता हिमकडा कोसळू शकतो, अशी ती खूण. ओल्या बर्फाचे हिमकडे कोरड्याइतके वेगाने सुटत नाहीत, पण जड असतात आणि थांबले की गच्च बसतात. पूर्वेकडच्या उतारावर हे सकाळी आधी घडतं, पश्चिमेकडे दुपारनंतर. म्हणून वसंतात उभ्या उतारावर जाणारे सूर्याबरोबर बाजू बदलत जातात आणि दुपारच्या आत खाली येतात. आदल्या रात्री गोठलंच नसेल तर जातच नाहीत.

आणि मिठाची गोष्ट राहिली. एका दुपारी चिखलात स्की ओढत असताना शिक्षक म्हणाले, की वसंतातल्या शर्यतींत वाट टणक करायला बर्फावर मीठ पसरतात. भाची हसली, "मिठाने तर बर्फ वितळतो!" मी मात्र तिथेच उभी राहिले, कारण आमचा सगळा कारखाना यावरच चालतो. आमच्या टाकीतलं मिठाचं पाणी उणे दहाच्या आसपास असतं आणि तरीही पातळ राहतं. ओल्या बर्फावर मीठ पडलं की त्याला लागलेला बर्फ आधी वितळतो. त्यासाठी लागणारी उष्णता तो शेजारच्या ओलाव्यातून खेचतो, आणि मीठ न लागलेलं ते शेजारचं पाणी गोठून घट्ट होतं. बर्फ पुरेसा ओला हवा, मीठ जाडं हवं, आणि परिणाम काही तासच टिकतो; खाली पाझरणारं खारं पाणी गवताला आणि ओढ्याला चांगलं नाही हे वेगळं. हे मी त्यांना मोडक्यातोडक्या हिंदीत समजावलं. त्यानंतर ते मला "बर्फवाली मॅडम" म्हणायला लागले आणि माझ्या वळणांकडे जरा जास्त लक्ष देऊ लागले. गर्दी ओसरलेली असल्यामुळे त्यांच्याकडे शिकाऊ मोजकेच होते, हाही वसंताचा फायदाच. हॉटेलचे दर उतरले होते, ड्रॅग लिफ्टला रांग नव्हती आणि संध्याकाळी सहापर्यंत उजेड होता.

मुक्कामाच्या शेवटी मी ड्रॅग लिफ्टने वर जाऊन स्नोप्लाउ धरून, मधे दोन्ही बाजूंना वळत, न पडता खाली येत होते. सकाळी साडेदहा ते साडेबारा. त्याआधी नाही, नंतर नाही. भाचीने दोन्ही स्की समांतर ठेवून वळणं सुरू केली होती आणि तिला आता जानेवारीत यायचं आहे, कोरड्या ताज्या बर्फात. परतीच्या विमानात त्यावरून आमचं वाजलं. मी सांगितलं, तू जा, आणि पडल्यावर उठायला मिळालं तर फोटो पाठव. मी येणार ती मार्चमध्येच, आणि पिवळ्या मेणाची वडी या वेळी माझी स्वतःची असेल.